डाग नसलेल्या सूर्याची वाट

रेडिओ आणि सूर्य : लेखांक ६

मागच्या लेखांकात आपण शॉर्ट वेव्हवाल्यांची दिवाळी पाहिली. सूर्यावरचे डाग वाढले की आयनांबराचा वरचा थर दाट होतो, २८ मेगाहर्ट्झचा पट्टा उघडतो आणि दहा वॅटच्या जोरावर एखादा हॅम सातासमुद्रापार गप्पा मारून येतो. या आठवड्यात त्याच सूर्यावर डोळे वटारून बसलेल्यांची गोष्ट. ही मंडळी १३६ किलोहर्ट्झवर कान लावून बसतात आणि सूर्यबिंब स्वच्छ असल्याची बातमी आली की खूश होतात.

१३६ किलोहर्ट्झ म्हणजे बरंच खाली. मीडियम वेव्हवर मुंबईची अस्मिता वाहिनी ५५८ किलोहर्ट्झला लागायची, त्याच्याही चौथ्या हिश्श्यावर. लहरीची लांबी २,२०० मीटर. एरिअल पाव लहरीइतकं उंच करायचं म्हटलं तर साडेपाचशे मीटरचा मनोरा लागेल. हौशी माणसाच्या परसात पंधरा मीटरचा खांब उभा राहिला तरी खूप झालं. एवढ्याशा खांबातून, वर तारा पसरून, जी शक्ती खरोखर आकाशात जाते ती हजारातला एक-दोन भाग. बाकीची जमिनीत आणि तारेच्या वेटोळ्यांत उष्णता होऊन जाते. प्लास्टिकच्या पिंपावर शेकडो वेढे गुंडाळून केलेली कॉइल, एरिअलवर दहा-बारा हजार व्होल्ट, आणि हवा दमट असेल तर तारेच्या टोकाला निळसर ठिणग्या. असा सगळा खटाटोप करून बाहेर पडणार किती, तर फार तर एक वॅट. त्याहून जास्त परवानगीच नाही. १३५.७ ते १३७.८ किलोहर्ट्झ हा चिंचोळा पट्टा जगभरच्या हौशींना २००७ च्या जागतिक रेडिओ परिषदेत मिळाला, तो याच अटीवर. ४७२ ते ४७९ किलोहर्ट्झचा दुसरा पट्टा २०१२ मध्ये मिळाला. तिथे पाच वॅटपर्यंत मुभा आहे.

या पट्ट्यांत हौशी लोक पोहोचले, यात इतिहासाची एक गंमत आहे. शंभर वर्षांपूर्वी लांब लहरी ही बड्यांची मिरासदारी होती. सरकारं, आरमारं आणि तार कंपन्या तिथे मैलभर पसरलेली एरिअलं उभारत. अमेरिकेने १९१२ च्या कायद्याने हौशींना २०० मीटरच्या खाली, म्हणजे कुणालाच नको असलेल्या छोट्या लहरींवर ढकललं. हद्दपार झालेल्यांनी तिथेच खजिना शोधला. डिसेंबर १९२१ मध्ये पॉल गॉडली हा अमेरिकी हौशी स्कॉटलंडमधल्या आर्ड्रोसन या किनारी गावात तंबू ठोकून बसला आणि त्याने अटलांटिकपलीकडची हौशी केंद्रं ऐकली. मग बडे लोकही तिकडे धावले. ब्रिटिश साम्राज्याची अवाढव्य लांब लहरींची योजना बाजूला पडून शॉर्ट वेव्हचे ‘बीम’ आले. १९२७ मध्ये आपल्या खडकीहून इंग्लंडकडे तारा जाऊ लागल्या आणि तिकडच्या दौंडला उतरू लागल्या. पुढे उपग्रह आले, बड्यांचा लांब लहरींतला रस आटला आणि रिकाम्या झालेल्या जागेत हौशी लोक शिरले.

आता सूर्याकडे वळू. १९०२ च्या फेब्रुवारीत मार्कोनी ‘फिलाडेल्फिया’ जहाजावरून अमेरिकेला निघाला होता आणि कॉर्नवॉलमधल्या पोल्डूचे संकेत वाटेत ऐकत होता. रात्री ते तीन हजार किलोमीटरच्या पलीकडेही पोहोचले. दिवसा मात्र अकराशेच्या आसपासच मावळले. त्याला वाटलं, उन्हामुळे प्रक्षेपकाचं एरिअल गळतं आहे. कारण चुकलं, निरीक्षण मात्र पक्कं होतं. खरा गुन्हेगार ६० ते ९० किलोमीटर उंचीवर होता: आयनांबराचा सगळ्यात खालचा, डी थर.

सूर्याचे अतिनील किरण तिथल्या नायट्रिक ऑक्साइडच्या रेणूंमधून इलेक्ट्रॉन सुटे करतात. रेडिओलहर आली की हे इलेक्ट्रॉन तिच्या तालावर हलतात आणि घेतलेली ऊर्जा पुन्हा लहरीला परत करतात. पण या उंचीवर हवा अजून बऱ्यापैकी दाट आहे. माणसांनी भरलेल्या माजघरात झोपाळा घ्यावा तशी इलेक्ट्रॉनची गत होते. परत फिरण्याआधीच तो कुठल्या तरी रेणूवर आपटतो आणि लहरीची ऊर्जा उष्णतेत जाते. कंप्रता जितकी कमी तितका झोका लांब, म्हणून शॉर्ट वेव्ह या थरातून थोडक्यात सुटते आणि मीडियम वेव्ह दिवसभर तिथेच मरते. सूर्य मावळला की सुटे इलेक्ट्रॉन काही मिनिटांतच पुन्हा जागी बसतात. मग लांब लहर नव्वदेक किलोमीटरवरून परतते आणि दूरवर जाते. रात्री दूरची केंद्रं स्पष्ट लागायची ती यामुळेच.

सूर्य जोरात असेल तर अतिनील आणि क्ष-किरण वाढतात आणि दिवसाचा डी थर आणखी जाड होतो. पण लांब लहरींवाल्यांचं खरं नुकसान दिवसा होत नाही. दिवसा त्यांना फारशी अपेक्षाच नसते. त्यांच्या रात्री बुडतात, आणि त्या भूचुंबकीय वादळांमुळे. वादळात पृथ्वीभोवतीच्या प्रारण पट्ट्यांत वेगवान इलेक्ट्रॉनांची भर पडते. वादळ शमलं, वृत्तपत्रांतून ध्रुवीय प्रकाशाचे फोटो ओसरले, तरी हे इलेक्ट्रॉन पुढचे कित्येक दिवस खालच्या वातावरणात झिरपत राहतात आणि रात्रीही डी थर शिल्लक ठेवतात. त्याचा मार ध्रुवाजवळून जाणाऱ्या वाटांना जास्त बसतो. ब्रिटनहून कॅनडाकडे जाणारी लहर आठवडाभर नाहीशी होऊ शकते. दक्षिणेकडच्या वाटा त्या मानाने तगतात. म्हणून हे लोक सौरडागांच्या आकड्याबरोबर ‘डीएसटी’ हा भूचुंबकीय निर्देशांक बघतात. तो शून्याच्या जवळपास अनेक दिवस टिकला की रिसीव्हरसमोर बसायचं.

त्यामुळे डाग कमी झाले की लगेच चंगळ, असं नसतं. सौरचक्राच्या उतरणीला सूर्यावरच्या प्रभामंडलातली विवरं जोरात असतात. त्यांतून सुटलेला सौरवारा दर सत्तावीस दिवसांनी, सूर्याच्या एकेका फेरीबरोबर पुन्हा पुन्हा पृथ्वीवर आदळतो. खरी पर्वणी चक्राच्या तळाशी. २००८ आणि २००९ या दोन्ही वर्षांत अडीचशेहून अधिक दिवस सूर्यबिंबावर एकही डाग नव्हता. नंतरचा तळ डिसेंबर २०१९ मध्ये आला.

वादळ किती मोठं असू शकतं याचा एक जुना पुरावा आपल्या दारातला आहे. सप्टेंबर १८५९ च्या कॅरिंग्टन वादळात मुंबईच्या कुलाबा वेधशाळेत चुंबकीय क्षेत्राचा आडवा घटक सुमारे १,६०० नॅनोटेस्लांनी घसरल्याची नोंद झाली. मे २०२४ चं वादळ वीस वर्षांतलं सर्वांत मोठं, लडाखमधल्या हानलेलाही तांबडं आकाश दाखवणारं. त्यातही डीएसटी उणे चारशेच्या थोडाच पलीकडे गेला. पुढे मुंबईत विजेच्या ट्राम येणार म्हणून चुंबकीय मोजमापं अलिबागला नेली, तो दूरदर्शीपणा मला फार आवडतो. विजेच्या खरखरीपासून लांब पळण्याची ही धडपड लांब लहरींच्या श्रोत्याला लगेच पटेल. स्वस्त एलईडी दिवे आणि मोबाइलचे चार्जर हे आज त्याचे सूर्याहून मोठे वैरी आहेत. आकाशातली वीज तिसरी. हजारो किलोमीटरवरचा गडगडाट या पट्ट्यांत कडकडत येतो. म्हणून उत्तर गोलार्धात हा छंद हिवाळ्यातला. वळवाच्या दिवसांत महाराष्ट्रात कुणी १३६ लावून बघावं. मनुष्यनिर्मित असं काही ऐकू आलंच तर नशीब.

या गोंगाटातून एका वॅटचा संकेत कानाने शोधणं जवळपास अशक्य. आधी लोकांनी मोर्सचा वेग इतका कमी केला की एक टिंब अर्धा-अर्धा मिनिट चाले आणि ते पडद्यावर डोळ्यांनी वाचत. २००८ मध्ये जो टेलर यांनी ‘विस्पर’ ही पद्धत आणली. दुहेरी पल्सारच्या शोधासाठी १९९३ चं भौतिकीचं नोबेल मिळालेले हेच ते टेलर, आणि स्वतः जुने हॅम. केंद्राचं नाव, जागा आणि शक्ती एवढाच मजकूर सुमारे दोन मिनिटांत, फक्त सहा हर्ट्झ रुंदीच्या फटीतून जातो. कानाला काहीच ऐकू येत नसताना संगणक तो वाचतो. नंतरच्या एका पद्धतीत तेवढ्याच मजकुराला अर्धा तास लागतो. गप्पा वगैरे विसरा. ‘पोहोचलो’ एवढंच कळतं, आणि या लोकांना तेवढं पुरतं.

आणि सूर्य खवळलेला असताना काय करायचं? आणखी खाली उतरायचं. वीसेक किलोहर्ट्झला लहर डी थरात फारशी शिरत नाही, त्याच्या तळावरूनच परतते. सौरज्वाला भडकली की क्ष-किरणांनी हा तळ खाली सरकतो, अधिक ठाशीव होतो आणि संकेत बहुधा दुबळा होण्याऐवजी चढतो. तमिळनाडूतल्या तिरुनेलवेलीजवळ नौदलाचं ‘कट्टबोम्मन’ केंद्र १८.२ किलोहर्ट्झवर पाणबुड्यांसाठी प्रक्षेपण करतं. त्या संकेताची पातळी दिवसभर आलेखावर उतरवत राहिलं की दर मोठ्या ज्वालेला रेषा काही मिनिटांत उसळते आणि मग हळूहळू ओसरते. तारेची एक चौकट आणि संगणकाचं साउंड कार्ड यावर हे काम भागतं. २२ जुलै २००९ चं खग्रास ग्रहण पावसाळी ढगांनी अनेकांना दिसू दिलं नाही. बंगालमधल्या संशोधकांनी त्याच दिवशी याच केंद्राच्या संकेतावर ग्रहणाची सावली मोजली.

ऑक्टोबर २०२४ मध्ये ‘नासा’ आणि ‘नोआ’ यांनी सूर्य चक्राच्या कमाल टप्प्यात असल्याचं जाहीर केलं. तेव्हा १३६ वाल्यांना पुढच्या तळासाठी दशकाच्या अखेरीपर्यंत थांबावं लागणार. तोवर त्यांचे रिसीव्हर बहुधा अठरा-वीस किलोहर्ट्झवरच सापडतील. त्याच्याही खाली, विजेच्या कडकडाटातून निघून पृथ्वीच्या चुंबकीय रेषांवरून दुसऱ्या गोलार्धात जाणाऱ्या ‘शिट्ट्यां’कडे आपण पुढच्या आठवड्यात वळू.