शैलेंद्र : कारखान्याच्या दारातून आलेले गाणे

कामगारांचा मोर्चा देशात कुठेही निघो, संपाची हाक देणारी एक हिंदी घोषणा त्यात हमखास ऐकू येते. ती एका कवितेतली ओळ आहे. ज्या कवीने ती लिहिली, त्यानेच ‘आवारा’, ‘मधुमती’, ‘बंदिनी’ आणि ‘गाइड’ची गाणी लिहिली, हे घोषणा देणाऱ्यांपैकी फार थोड्यांना ठाऊक असते. गाणी गुणगुणणाऱ्यांनाही त्या घोषणेचा कर्ता माहीत नसतो. शैलेंद्र यांच्या वाट्याला अशी दुभंगलेली कीर्ती आली. त्यांच्या गाण्यांतला साधेपणा कुठून आला, हे मात्र कामगारांचा कवी आणि सिनेमाचा गीतकार यांना एकत्र पाहिल्याशिवाय उमगत नाही.

शंकरदास केसरीलाल शैलेंद्र यांचा जन्म ३० ऑगस्ट १९२३चा, रावळपिंडीचा. घराण्याचे मूळ बिहारातल्या आरा भागातले, जात चर्मकार. त्यांच्या हयातीत या गोष्टीची फारशी वाच्यता झाली नाही. २०१३ साली ‘अंदर की आग’ हा त्यांच्या कवितांचा संग्रह निघाला, तेव्हा त्यांच्या मुलाने ती जाहीरपणे लिहिली. कुटुंब पुढे मथुरेला आले. तिथले दिवस ओढगस्तीचे होते. कविता तिथेच सुरू झाली आणि पोटासाठी रेल्वेची नोकरीही पत्करावी लागली. त्या नोकरीने त्यांना मुंबईत, माटुंग्याच्या रेल्वे कारखान्यात आणले.

जीआयपी रेल्वेचा हा कारखाना १९१५ पासूनचा. गाड्यांचे डबे दुरुस्तीला तिथे येत. दिवसभर लोखंडाशी झुंजायचे आणि सुटी झाली की ‘इप्टा’ या डाव्या नाट्यसंघटनेच्या मंडळींत जाऊन बसायचे, असा शैलेंद्रांचा क्रम होता. ‘इप्टा’ची स्थापना १९४३ साली मुंबईतच झाली होती. अण्णा भाऊ साठे, अमर शेख आणि द. ना. गव्हाणकर यांचे लाल बावटा कलापथक याच काळात मुंबईच्या गिरणगावात घुमत होते. एक मराठी शाहिरी आणि दुसरी हिंदी कविता, पण दोघांचा श्रोता एकच होता : पाळी संपवून घामेजल्या अंगाने उभा राहिलेला कामगार. द्वारसभेत म्हटलेली कविता पहिल्याच ऐकण्यात कळावी लागते. तिथे कोणी पान उलटून मागे जात नाही, शब्दकोश उघडत नाही. दुसरी ओळ येईपर्यंत पहिली जमावाच्या तोंडी बसलेली असावी लागते. शैलेंद्रांनी गीतलेखनाची उमेदवारी केली ती या शाळेत.

अशाच एका कार्यक्रमात फाळणीच्या वणव्यात होरपळणाऱ्या पंजाबवरची त्यांची कविता राज कपूरने ऐकली आणि ‘आग’ चित्रपटासाठी विकत मागितली. शैलेंद्रांनी साफ नकार दिला. आपली कविता विकाऊ नाही, ही त्यांची भूमिका होती. पुढे पत्नी गरोदर असताना पैशांची निकड आली, तेव्हा ते स्वतः राज कपूरकडे गेले. ‘बरसात’ची (१९४९) दोन गाणी उरली होती. ती त्यांनी लिहिली, पाचशे रुपये मिळाले, आणि पुढची सतरा वर्षे त्यांची लेखणी थांबली नाही.

‘आवारा’ची (१९५१) हकिकत प्रसिद्ध आहे. ख्वाजा अहमद अब्बास यांनी सगळी कथा ऐकवली आणि शैलेंद्रांनी तिचे सार एका ओळीत सांगून टाकले. ते शीर्षकगीत नीट ऐकावे. नायकाला घर नाही, संसार नाही, कोणाचे प्रेम नाही. ही सगळी नकारांची यादी आहे आणि तरी गाणे रडत नाही, छाती काढून चालते. एकही शब्द अडत नाही. सोव्हिएत संघातल्या लोकांनी भाषा न येताही ते आपलेसे केले. शायरीच्या उर्दू परंपरेतून आलेल्या मातब्बर गीतकारांच्या काळात शैलेंद्रांनी बोलभाषेवर आणि लोकगीतांवर भरवसा ठेवला. पहिला भोजपुरी चित्रपट ‘गंगा मैया तोहे पियरी चढइबो’ (१९६३) आला, त्याची गाणीही त्यांचीच. पूर्वजांची भाषा त्यांच्या हाताशी होती.

फिल्मफेअरने १९५९ साली गीतकाराचा पुरस्कार पहिल्यांदा दिला, तो ‘यहूदी’साठी शैलेंद्रांना. पुढे ‘अनाडी’साठी आणि मृत्यूनंतर ‘ब्रह्मचारी’साठीही तो त्यांना मिळाला. तरुण गुलजार ‘बंदिनी’च्या निमित्ताने बिमल रॉय यांच्याकडे गेले, तेही शैलेंद्रांच्या आग्रहामुळे.

मग आली ‘तीसरी कसम’. फणीश्वरनाथ रेणूंच्या ‘मारे गए गुलफाम’ या कथेने शैलेंद्रांना झपाटले आणि ते निर्माते झाले. हिरामन हा साधा गाडीवान. चोरबाजाराचा माल वाहून फसल्यावर त्याने पहिली शपथ घेतली, बांबू लादून फजिती झाल्यावर दुसरी. तिसऱ्या खेपेला गाडीत नौटंकीची नर्तकी बसते. बैलगाडीची वाट आणि तमाशाचा फड पाहिलेल्या मराठवाड्याच्या माणसाला ही गोष्ट परकी वाटणारच नाही. राज कपूरने मानधन म्हणून फक्त एक रुपया मागितला. पण चित्रपट वर्षानुवर्षे रखडला आणि कर्ज वाढत गेले. शेवट गोड करा, असा सल्ला मिळाला. शैलेंद्रांनी तो मानला नाही. हिरामन रिकाम्या हातानेच परतला पाहिजे, हे त्यांना पक्के ठाऊक होते. १९६६ साली चित्रपट लागला आणि पडला. त्याच वर्षी १४ डिसेंबरला, राज कपूरच्या वाढदिवशी, वयाच्या ४३व्या वर्षी शैलेंद्र गेले. पुढे त्याच चित्रपटाला सर्वोत्कृष्ट चित्रपटाचे राष्ट्रपती सुवर्णपदक मिळाले.

परभणीकरांना या आयुष्याशी नाते सांगणारा एक घरचा माणूस आहे : बी. रघुनाथ. सार्वजनिक बांधकाम खात्यातली कारकुनी करता करता त्यांनी मराठवाड्याची कविता, कथा आणि कादंबरी समृद्ध केली आणि १९५३ साली, अवघ्या चाळिशीत, ७ सप्टेंबरला त्यांनी जगाचा निरोप घेतला. दोघांनी नोकरीच्या जोखडाखाली लिहिले, दोघांना आयुष्य अपुरे पडले. पण बी. रघुनाथ आपल्याकडे साहित्यिक म्हणून वाचले जातात आणि शैलेंद्र फक्त ऐकले जातात. ‘न्यौता और चुनौती’ हा त्यांचा १९५५चा कवितासंग्रह किती ग्रंथालयांत असेल? गीतकार म्हणून मिळालेल्या लोकप्रियतेने त्यांच्यातल्या कवीवर अन्याय केला आणि हिंदी समीक्षेने तो निमूट होऊ दिला, असे माझे स्पष्ट मत आहे.

३० ऑगस्ट आणि ७ सप्टेंबर या तारखांमध्ये आठच दिवसांचे अंतर आहे. परभणीतल्या वाचकमंडळांनी आणि पूर्ण्याच्या रेल्वे कामगारांनी त्या आठवड्यात एक संध्याकाळ ठरवावी. बी. रघुनाथांची कविता वाचावी आणि तिच्या जोडीला माटुंग्याच्या कारखान्यातल्या या कवीचीही वाचावी. त्याची गाणी आपण आयुष्यभर गात आलो. आता त्याच्या कविताही वाचायला घेऊ.