सातने भाग जातो का?

विंडोज १० चा मोफत आधार मायक्रोसॉफ्टनं १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबवला आणि ‘विंडोज ११ ची ओरिजिनल की, अवघ्या काही शे रुपयांत’ अशा जाहिरातींना ऊत आला. गल्लीतल्या कॉम्प्युटरवाल्याचं ‘टाकून देऊ का?’ तर कधी बंदच झालं नव्हतं. सॉफ्टवेअरची चोरी चांगली की वाईट, हा वाद वर्तमानपत्रांच्या पुरवण्यांतून अनेकदा झालाय. त्यापेक्षा ती की नेमकं करते काय, हे जास्त मजेशीर आहे.

विंडोज ९५ चंच घ्या. सीडीबरोबर दहा आकडी क्रमांक यायचा: आधी तीन आकडे, मग सात. पहिले तीन ३३३, ४४४ असे करत ९९९ पर्यंतच्या तिळ्यांपैकी नसले की झालं. उरलेल्या सात आकड्यांची बेरीज करायची आणि तिला सातने भाग जातो का ते पाहायचं. तपासणी संपली! सात एकांची बेरीज सात, म्हणून सगळीकडे एक दाबत सुटलं तरी विंडोज मुकाट्यानं आत घ्यायचं. डोळे मिटून आकडे ठोकले तरी साधारण सातातला एक लागायचा. चौथीच्या स्कॉलरशिपला यापेक्षा अवघड गणितं असतात.

याला बावळटपणा म्हणता येणार नाही. तेव्हा घरोघरी इंटरनेट नव्हतं, त्यामुळे हा क्रमांक आधी कुणी वापरलाय का, हे प्रोग्राम विचारणार कुणाला? न्याय जागच्या जागी, ग्राहकाच्याच मशीनवर करायचा होता. पुढे कंपन्यांनी हिशेब अवघड केला. कीमध्ये कंपनीची गुप्त गणिती सही दडवायची आणि प्रोग्रामकडे फक्त ती सही ओळखण्याचं साधन द्यायचं. ओळखता येते, पण नवी करता येत नाही. विंडोजच्या पंचवीस अक्षरी कीमध्ये तेव्हा ए, ई, आय, ओ, यू हे स्वर नसायचे, शून्य आणि एक हे आकडेही नसायचे. वाचताना गोंधळ नको आणि चुकून एखादा नको तो शब्दही तयार व्हायला नको.

पण तपासणारा शिपाई चोराच्याच घरात बसलेला असला की सही कितीही पक्की असो, चोर शिपायालाच फितवतो. ‘क्रॅक’ म्हणजे तेच: की चुकीची असली तरी ‘बरोबर’ म्हणायला लावणारा बदल. म्हणून २००१ च्या विंडोज एक्सपीपासून अ‍ॅक्टिव्हेशन आलं. मशीनच्या सुट्या भागांवरून एक ओळख बनवायची आणि ती कंपनीकडे नोंदवायची, इंटरनेटवरून किंवा फोनवर आकड्यांची लांबलचक माळ वाचून. मोठ्या कंपन्यांना मात्र या कटकटीतून सूट होती, त्यांची एकच की हजारो मशीनवर चालायची. अशीच एक, ‘एफसीकेजीडब्ल्यू’नं सुरू होणारी, एक्सपी बाजारात येण्याच्या सुमारे पाच आठवडे आधीच फुटली. मायक्रोसॉफ्टचे माजी अभियंते डेव्ह प्लमर यांनी ऑक्टोबर २०२५ मध्ये पुन्हा सांगितलं की ती कुणी हुशारीनं फोडली नव्हती, सरळ बाहेर गेली होती. सगळं गणित जागच्या जागी राहिलं आणि दार उघडलं माणसानं.

आपल्या डीटीपीवाल्यांना याहून कडक प्रकार ठाऊक आहे. श्री-लिपी या मराठी अक्षरांच्या सॉफ्टवेअरबरोबर ‘लॉक’ मिळायचं. ते कॉम्प्युटरच्या मागे खोचलं नाही तर पैसे मोजूनही अक्षर उमटत नसे. चोर सोडून संन्याशाला फाशी, ती ही. अ‍ॅडोबीनं डिसेंबर २०१२ मध्ये सीएस२ या आपल्या सॉफ्टवेअरसंचाच्या जुन्या आवृत्तीचे अ‍ॅक्टिव्हेशन सर्व्हर बंद केले, तेव्हा विकत घेतलेल्यांचं सॉफ्टवेअर अडकू नये म्हणून सर्वांना चालतील असे क्रमांक कंपनीलाच जाहीर करावे लागले. कुलूप लावणाऱ्यावरच किल्ल्या वाटायची वेळ!

बिल गेट्स यांचं या बाबतीतलं बोलणं तर बघण्यासारखं आहे. १९७६ मध्ये त्यांनी हौशी कॉम्प्युटरवाल्यांना जाहीर पत्र लिहून चोर ठरवलं. १९९८ मध्ये चीनबद्दल बोलताना मात्र म्हणाले की चोरायचंच असेल तर आमचं चोरावं, सवय लागली की वसुलीचं पुढच्या दशकात पाहू. म्हणजे गळती पूर्ण थांबावी, ही इच्छा होती कुठे? मासिक वर्गणीचा जमाना आला तो या वसुलीसाठीच, असं मला वाटतं.

कायदा तरीही हसण्यावारी नेण्यासारखा नाही. चोरीचं सॉफ्टवेअर जाणूनबुजून वापरलं तर कॉपीराइट कायद्याच्या कलम ६३ बी नुसार किमान सात दिवस ते तीन वर्षं कैद आणि पन्नास हजार ते दोन लाख रुपये दंड होऊ शकतो. धंद्यासाठी वापर नसेल तर कैद टळू शकते.

काही शे रुपयांची की बहुधा कुठल्या तरी कंपनीच्या घाऊक परवान्यातून किंवा जुन्या मशीनवरून आलेली असते आणि कधीही रद्द होऊ शकते. पैसे नसतील तर लिनक्स आणि लिबरऑफिस फुकट आहेत, मराठीही चालतं. पण ‘आधी अँटीव्हायरस बंद करा’ असं सांगणारा, तपासणी चुकवणारा अ‍ॅक्टिव्हेटर, ज्या कॉम्प्युटरवरून बँकेचे व्यवहार करता त्यावर तरी चालवू नका.