मोटारीचा कॅमशाफ्ट बदलतांना

अँबॅसडर मोटारीचें उत्पादन २०१४ सालीं बंद झालें. तथापि ती बाळगणारे शेतकरी बंधु अद्यापि आहेत. तिच्या १,४८९ सी. सी. च्या जुन्या पेट्रोल इंजिनाचा कॅमशाफ्ट बदलण्याचा प्रसंग आल्यास मालकानें काय जाणावें, तें येथें सांगावयाचें आहे.

कॅमशाफ्ट म्हणजे उंचवटे असलेला दांडा होय. हे उंचवटे टॅपेट उचलतात, टॅपेट पुशरॉडला रेटतो आणि रॉकरच्या योगानें व्हॉल्व्ह उघडतो. क्रँकशाफ्टचे दोन फेरे होतात तेव्हां याचा एक होतो. उंचवटा झिजला कीं व्हॉल्व्ह पुरता उघडत नाहीं. इंजिनाची शक्ति घटते व टकटक सुरू होते. अशा वेळीं सर्व व्हॉल्व्हचें अंतर सारखें करून प्रत्येक व्हॉल्व्ह किती खालीं जातो तें मोजावें. जो कमी जाईल त्याचा उंचवटा झिजला असें समजावें.

दांडा पुढून बाहेर येतो. त्यापूर्वीं रेडिएटर, टायमिंगचें झांकण, चेन, पुशरॉड, टॅपेट, डिस्ट्रिब्यूटर व ऑइलपंप काढावे लागतात. चेन उतरविण्यापूर्वीं दोन्ही चक्रांवरील खुणा समोरासमोर आणाव्या, व बसवितांनाहि तशाच ठेवाव्या. या खुणा शेताच्या हद्दीच्या दगडांसारख्या होत. एक दांता सरकला तरी व्हॉल्व्हची वेळ बिघडते.

आतां मुख्य गोष्ट. खर्च वाचविण्याकरितां जुनेच टॅपेट नव्या कॅमशाफ्टवर बसविण्याचा मोह होतो. तो सर्वथा टाळावा. टॅपेटचा तळ ज्या उंचवट्यावर घासला त्याच्याच आकाराचा झालेला असतो. तो नव्या उंचवट्यास थोड्याच दिवसांत खाऊन टाकतो, आणि सर्व खर्च पुनः करावा लागतो. झिजलेल्या लोखंडाचा कीस ऑइलांत उतरलेला असतो. म्हणून तळाचें भांडें धुवून फिल्टर व ऑइल नवें घालावें.

बसवितांना प्रत्येक उंचवट्यास व टॅपेटच्या तळास त्यासाठींच मिळणारें दाट वंगण लावावें. इंजिन सुरू होतांच तें मंद चालूं देऊं नये; सुमारें वीस मिनिटें मिनिटास दोन हजार फेऱ्यांच्या आसपास ठेवावें. उंचवट्यांवर ऑइल मुख्यतः क्रँकशाफ्टनें उडविलेलेंच पडतें, व मंद गतींत तें अपुरें पडतें.

मिस्त्रीकडे काम सोंपवितांना नव्या टॅपेटची किंमत प्रथमच ठरवून घ्यावी, आणि जुने टॅपेट मोजून परत मागावे.