जलसा आणि विद्यालय : संगीतशिक्षणाच्या खर्चाचा विचार



आजच्या स्मृतिव्याख्यानासाठी मी एक व्यावहारिक विषय निवडला आहे. गाण्याचे शिक्षण द्यावयाचे तर त्याचा खर्च कोणी सोसावा? हुबळी-धारवाडला सुरांचे माहेर म्हणताना हा प्रश्न आपण सहसा विचारीत नाही.

संगीतशिक्षण स्वभावतःच खर्चिक असते. गणित एका वेळी पन्नास मुलांना शिकविता येते. परंतु स्वर लावावयास शिकविताना गुरूला एकेका शिष्यासमोर बसावे लागते. हा सारा खर्च फीमधून काढावयाचा म्हटले, तर गरिबाचे मूल दाराबाहेरच राहते. म्हणून मदतीच्या जलशाचा मार्ग निघाला. कलावंताने गावे, श्रोत्यांनी तिकीट घ्यावे आणि उरलेली रक्कम विद्यालयास द्यावी.

या मार्गाचे सामर्थ्य आणि मर्यादा पंडित विष्णु दिगंबर पलुस्करांच्या चरित्रात एकत्र दिसतात. १९०१ साली त्यांनी लाहोरास गांधर्व महाविद्यालय काढले. राजाश्रयावर विसंबण्याऐवजी लोकांच्या देणग्या आणि स्वतःच्या मैफली यांवर त्यांनी ते चालविले. १९०८ मध्ये मुंबईची शाखा निघाली. तेथे इमारतीपायी कर्ज झाले आणि १९२४ मध्ये मालमत्तेचा लिलाव झाला. वास्तू गेली, पण पंडित विनायकराव पटवर्धन, ओंकारनाथ ठाकूर, प्रा. बा. र. देवधर यांच्यासारखे शिष्य उरले आणि कार्य पुढे चालले.

खाँसाहेब अब्दुल करीम खाँ यांनी १९१३ मध्ये पुण्यास आर्य संगीत विद्यालय काढले. तेथे विद्यार्थ्यांच्या राहण्याजेवण्याची सोय होती आणि संस्थेचा भार मुख्यत्वे जलशांच्या उत्पन्नावर होता. याच खाँसाहेबांचे शिष्य कुंदगोळचे रामभाऊ, म्हणजे सवाई गंधर्व. त्यांच्याकडे शिकण्यासाठी गंगूबाई हनगल हुबळीहून आगगाडीने कुंदगोळला जात असत. पुढे त्या जगभर गायल्या. त्या वैभवाचा पाया या गाडीच्या फेऱ्यांत आहे, हे विसरू नये.

गदगचे वीरेश्वर पुण्याश्रम हे तिसरे उदाहरण. तेथे पंचाक्षरी गवई आणि त्यांच्यानंतर पुट्टराज गवई यांनी अंध व निराधार मुलांना संगीत शिकविले. आश्रमाच्या मंडळींनी नाटके करावी आणि त्या उत्पन्नातून आश्रम चालवावा, अशी रीत होती. बसवराज राजगुरू हे पंचाक्षरी गवयांचेच शिष्य.

आता पश्चिमेकडे, गोव्याकडे पाहू. मुंबईच्या हॉटेलांतून जॅझ वाजविणारे अनेक वादक गोव्याचे होते. हळदोण्याचे चिक चॉकलेट त्यांपैकीच. यांतील पुष्कळांना स्वरलेखन आणि व्हायोलिन यांचे पहिले धडे गावातील चर्चच्या शाळेत मिळाले. तेथील मेस्त्रीच्या निर्वाहाची सोय चर्चकडून होत असे, म्हणून सामान्य घरातील मुलेही शिकू शकली. यावरून दिसते ते एवढेच, की शिक्षणाला स्थिर आधार लागतो.

मी स्वतः अशा जलशांच्या समित्यांवर काही वर्षे काम केले आहे. मंडप, ध्वनिक्षेपक, पाहुण्यांचा प्रवास आणि निवास यांची बिले चुकती केल्यावर शिल्लक फार थोडी राहते. टाळ्या भरपूर मिळतात. परंतु पुढील महिन्यात शिक्षकाचे वेतन पुन्हा उभे राहते. एका रात्रीच्या उत्पन्नावर वर्षभराचे शिक्षण चालत नाही.

म्हणून माझी सूचना तीन कलमी आहे. जलशाचा खर्च आधी ठरवावा आणि शक्य तो देणगीदारांकडून भागवावा, म्हणजे तिकिटांचे सर्व पैसे विद्यार्थ्यांच्या वाट्यास येतील. ते पैसे एकदम खर्च न करता ठेवीत ठेवावेत आणि व्याजातून शिष्यवृत्ती द्यावी. तिसरे, जमाखर्च छापून श्रोत्यांच्या हाती द्यावा. कारण ज्याला हिशेब कळतो तोच पुढील वर्षी पुन्हा तिकीट घेतो.

हुबळीत उणकल येथे गंगूबाईंच्या नावे शासकीय गुरुकुल उभे राहिले, ही समाधानाची गोष्ट आहे. तथापि शासनाने एक गुरुकुल चालविले म्हणून गल्लीगल्लीतील मुलांची जबाबदारी आपल्यावरून उतरत नाही. आपल्या शाळेतील एखाद्या मुलीचा गळा चांगला असेल, तर तिला तंबोरा आणि गुरू मिळवून देणे हे आपले काम आहे. ते आपण मनावर घ्यावे, एवढी विनंती करून मी आपली रजा घेतो.