‘महाराष्ट्र’ शब्दाची रुंदी

गणेशोत्सवाच्या वर्गणीची यादी मी नियोव्हिम या एडिटरमध्ये ठेवतो. साधी टेक्स्ट फाइल, उभ्या रेघांनी पाडलेले रकाने: नाव, घर, रक्कम. हे रकाने एका रेषेत लावून देणारं एक फुकट, मुक्तस्रोत प्लगिन आहे. इंग्रजी नावांवर ते चोख चालतं. देवनागरी नावं आली की रकमांचा रकाना झिंगतो. ‘पाटील’ आणि ‘क्षीरसागर’ एकाखाली एक लिहा: पाटलांमागे बारा मोकळ्या जागा, क्षीरसागरांमागे एकही नाही. भोपाळच्या बागसेवनियात आमच्या गल्लीत हिंदीत काम करणारे पुष्कळ, त्यांनाही हा त्रास होतो. त्यांचं उत्तर ठरलेलं: “रोमन में लिख लो ना, भैया!” भोपाळची मराठी मंडळीही हेच करतात. वर्गणीच्या यादीत ‘केएसएचआय’ लिहायचं माझ्या जिवावर आलं, म्हणून प्लगिनचा कोड उघडला.

कोड लुआत होता. लुआ ही १९९३ मध्ये ब्राझीलच्या रिओमध्ये, तिथल्या कॅथलिक विद्यापीठात जन्मलेली आटोपशीर भाषा. तिच्यात शब्दाआधी # लावलं की लांबी मिळते, पण ती बाइटमध्ये. यूटीएफ-८ मध्ये इंग्रजी अक्षराला एक बाइट लागतो, देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाला तीन. त्यामुळे लुआच्या हिशेबी ‘महाराष्ट्र’ची लांबी ३०. युनिकोडची चिन्हं मोजली तर १०, कारण काना वेगळा आणि हलन्तही वेगळा. ते दोन्ही वगळून नुसती व्यंजनं मोजली तर ६. पहिलीतल्या पोराला विचारलं तर ४: म, हा, रा, ष्ट्र. पोराचं उत्तर मान्य करायला युनिकोडनेही बराच काळ घेतला. देवनागरी जोडाक्षर मधूनच तोडू नये, हा नियम त्यांच्या अक्षरविभागणीत सप्टेंबर २०२३ च्या १५.१ आवृत्तीत आला.

दुरुस्ती म्हणाल तर किरकोळ. # काढायचं आणि ‘हा मजकूर पडद्यावर किती घरं घेतो?’ हे एडिटरच्याच फंक्शनला विचारायचं. आपण मोजायच्या भानगडीत पडायचंच नाही. अक्षरं जो रंगवतो त्यालाच मोजू द्यावीत.

वेळ जातो तो त्याच्या अलीकडे आणि पलीकडे. आधी एडिटर आपल्या सगळ्या सेटिंगांशिवाय, कोरा सुरू करून दोष तरीही दिसतो का ते पाहायचं. मग जुन्या तक्रारी चाळायच्या, मिटलेल्यासुद्धा. मग प्रकल्पाची आपल्या नावाने प्रत, तिच्यात वेगळी शाखा, आणि कोडला हात लावण्याआधी एक टेस्ट. ही टेस्ट आधी नापास झाली पाहिजे. नापास न होणारी टेस्ट दोष पकडते की नाही हे कळणार कसं? प्रकल्प सांभाळणाऱ्या माणसाला, म्हणजे मेंटेनरला, देवनागरीचं एकही अक्षर वाचता येत नाही, म्हणून टेस्टमध्ये शब्दाशेजारी त्याच्या चिन्हांचे युनिकोड क्रमांकही दिले: ष म्हणजे ०९३७, हलन्त म्हणजे ०९४D. सोबत आधीचा आणि नंतरचा असे पडद्याचे दोन फोटो. जाता जाता शेजारच्या ओळींचं इंडेंट नीट करायला हात शिवशिवतात. ते करू नये. एका बदलात एकच गोष्ट.

इथे एक जुनी लाजही आड येते. ऑक्टोबर २०२० मध्ये ‘हॅक्टोबरफेस्ट’ या मुक्तस्रोत मोहिमेच्या टी-शर्टसाठी जगभरातल्या प्रकल्पांवर फुटकळ पुल रिक्वेस्टचा, म्हणजे ‘माझा बदल घ्या’ अशा विनंत्यांचा, पाऊस पडला. प्रस्तावनेच्या फाइलीत ‘अमेझिंग प्रोजेक्ट’ एवढंच जोडलेलं! असल्या रिक्वेस्टचा धडा देणारा व्हिडिओ भारतातलाच होता. शेवटी आयोजकांना नियम बदलावा लागला: प्रकल्पाने स्वतःहून होकार दिला असेल तरच रिक्वेस्ट धरली जाईल. अनोळखी भारतीय नावाकडे एखादा मेंटेनर दोनदा पाहत असेल, तर मी त्याला दोष देणार नाही.

आमच्या मेंटेनरने कोडबद्दल फारसं काही विचारलं नाही. इंग्रजी तक्त्यांत फरक पडत नाही हे दाखवणारी आणखी एक टेस्ट मागितली. मग म्हणाला, माझ्या टर्मिनलमध्ये ‘क्षीरसागर’ची ओळ अजूनही किंचित वाकडी आहे. खरंच होती. एडिटर एक हिशेब करतो, टर्मिनल दुसरा, आणि फॉन्ट तिसराच. ते भांडण प्लगिनच्या हातातलं नाही, हे दोघांनाही पटलं. तो मुद्दा वेगळा नोंदवला आणि बदल मूळ शाखेत गेला.

याचे पैसे किती मिळाले, हा भोपाळात हमखास येणारा प्रश्न. शून्य. नियोव्हिम ज्यातून २०१४ मध्ये फुटलं ते व्हिम ब्राम मोलेनार यांनी १९९१ मध्ये लोकांना दिलं, आणि मोबदल्यात युगांडातल्या किबाले इथल्या मुलांना मदत करा एवढंच सुचवलं. मोलेनार ऑगस्ट २०२३ मध्ये गेले. व्हिम आता इतर स्वयंसेवक चालवतात.

तुमच्या एडिटरमध्ये मराठी वाकडी दिसत असेल तर रोमनमध्ये पळू नका. कोड येत नसला तरी चालेल. तीन ओळींची नमुना फाइल, एडिटरची आवृत्ती, टर्मिनल आणि फॉन्टची नावं, आणि काय दिसायला हवं होतं याचं चित्र, एवढं पाठवा. नमुन्यात ‘दऱ्या’, ‘ॲप’, ‘केळी’ असले शब्द आवर्जून घाला. आपल्या ॲ ला युनिकोडमध्ये स्वतःची जागा २००८ मध्ये मिळाली, आणि हे शब्द हिंदीवाल्यांच्या नमुन्यात सापडणार नाहीत.