लोकप्रतिनिधी आणि दुहेरी नागरिकत्व

ज्याला आपण निवडून देतो त्याने एकाच देशाचे नागरिक असावे, ही अपेक्षा मतदाराला इतकी स्वाभाविक वाटते की तिच्या पोटात किती अडचणी दडल्या आहेत हे सहसा कोणाच्या ध्यानात येत नाही. ऑस्ट्रेलियात त्या २०१७ साली एकदम उघड्यावर आल्या.

त्या वर्षीच्या जुलैमध्ये स्कॉट लडलम या सिनेट-सदस्याने राजीनामा दिला. तीन वर्षांचे असताना त्यांनी न्यूझीलंड सोडले होते; परंतु तेथील नागरिकत्व मात्र त्यांना सोडून गेले नव्हते. पाठोपाठ लॅरिसा वॉटर्स यांचीही पाळी आली. त्या कॅनडात जन्मल्या आणि वर्षाच्या आतच ऑस्ट्रेलियात आल्या. ऑस्ट्रेलियाच्या राज्यघटनेचे ४४ वे कलम १९०१ पासून अमलात आहे. परकीय सत्तेचा प्रजाजन किंवा नागरिक असलेल्या माणसाला संसदेत निवडून येता येत नाही, असे ते सांगते. खुद्द उपपंतप्रधान बार्नबी जॉइस हेही या कलमाच्या कचाट्यात सापडले. त्यांचा जन्म ऑस्ट्रेलियातलाच; पण वडील न्यूझीलंडमध्ये जन्मलेले, एवढ्यावरून तो देश त्यांनाही आपला नागरिक मानीत होता.

२७ ऑक्टोबर २०१७ रोजी तेथील सर्वोच्च न्यायासनाने सात जणांच्या प्रकरणांचा निकाल दिला. पाच अपात्र ठरले, दोन सुटले. अपात्र ठरलेल्यांत माल्कम रॉबर्ट्स यांचा जन्म आपल्या बंगालमधला. त्यांना अडचण झाली ती मात्र ब्रिटिश नागरिकत्वाची. 'मला हे ठाऊकच नव्हते' हा बचाव न्यायालयाने मानला नाही, आणि कायद्याच्या दृष्टीने ते योग्यही होते. कोणाला काय ठाऊक होते याचा तपास करीत बसले तर निवडणुकीच्या निकालाला स्थैर्यच उरणार नाही. जॉइस यांनी परकीय नागरिकत्वाचा त्याग केला आणि डिसेंबरमधील पोटनिवडणुकीत ते पुन्हा निवडून आले. मतदारांनी आपला कौल दिला. पण मधल्या काळात सरकारचे बहुमत टांगणीला लागले होते.

याहून विचार करावयास लावणारे प्रकरण केटी गॅलाघर यांचे आहे. त्यांनी उमेदवारी दाखल करण्यापूर्वीच ब्रिटिश नागरिकत्व सोडण्याचा अर्ज केला होता. ब्रिटिश कचेरीत त्याची नोंद मात्र निवडणूक उरकल्यावर झाली आणि २०१८ च्या मे महिन्यात त्यांचे पद गेले. म्हणजे ऑस्ट्रेलियन मतदाराचा प्रतिनिधी कोण, हे लंडनमधील एका टेबलावरची फाइल किती वेगाने सरकते यावर ठरले! परकीय हस्तक्षेप टाळण्यासाठी केलेले कलम परकीय कायद्याच्याच हाती किल्ली देऊन बसले, असे म्हणावयास हरकत नाही.

याचा अर्थ बंधनच नसावे असा नव्हे. संरक्षणाचा खर्च, परराष्ट्रांशी होणारे करार, आरोपींचे हस्तांतरण अशा विषयांवर मत देणाऱ्या माणसाच्या खिशात दुसऱ्या देशाचे पारपत्र असेल तर तो अप्रामाणिक ठरतो असे नाही. पण आपण केलेल्या कायद्याचे परिणाम नकोसे झाल्यावर निघून जाण्याची एक वाट त्याला मोकळी असते. त्याच्या मतदाराला ती नसते. पद स्वीकारताना ही वाट बंद करून यावे, अशी मागणी मला रास्त वाटते. प्रश्न मोजपट्टीचा आहे. परक्या देशाने काय मानले हे पाहावयाचे, की माणसाने स्वतः काय केले हे?

आपल्या घटनाकारांनी दुसरी मोजपट्टी निवडली. संसद-सदस्यांसाठी अनुच्छेद १०२ आणि राज्यांच्या विधिमंडळांसाठी अनुच्छेद १९१ यांत परकीय नागरिकत्व 'स्वेच्छेने' संपादन केलेला असा शब्दप्रयोग आहे. या एका शब्दाचे मोल मोठे आहे. शिवाय अनुच्छेद ९ आणि १९५५ चा नागरिकत्व कायदा यांच्यामुळे असे स्वेच्छेचे संपादन घडताच भारतीय नागरिकत्वच संपते. परकीय पारपत्र घेणे हा त्याचा निर्णायक पुरावा मानणारा नियम सर्वोच्च न्यायालयाने १९६२ साली वैध ठरविला. परदेशस्थ भारतीयांना २००५ च्या सुमारास मिळू लागलेले 'ओसीआय' पत्रही दुहेरी नागरिकत्व नव्हे. त्यावर मतदान करता येत नाही, की निवडणूक लढविता येत नाही.

तरीही 'स्वेच्छेने' म्हणजे नेमके काय, हा पेच गोव्यात उभा राहतोच. १९ डिसेंबर १९६१ पूर्वी तेथे जन्मलेल्यांना आणि त्यांच्या मुलानातवंडांना पोर्तुगाल आपल्या नागरिकत्वाचा मार्ग खुला ठेवतो. त्यासाठी लिस्बनच्या मध्यवर्ती नोंदणी कार्यालयात जन्माची नोंद करावी लागते. इंग्लंडात नोकरी मिळावी म्हणून अनेक कुटुंबांनी ती केली. २०१२ च्या विधानसभा निवडणुकीनंतर दोन आमदारांच्या बाबतीत याच मुद्द्यावर वाद उपस्थित झाला. पारपत्र घेतले नाही, केवळ जन्म नोंदविला, तर तो जुन्या हक्काचा उल्लेख, की नव्या नागरिकत्वाचा स्वीकार? पोर्तुगालचा कायदा ज्याला 'नोंद' म्हणतो त्याला आपण काय म्हणावयाचे, हे आपल्याच कायद्याने निःसंदिग्ध शब्दांत सांगितले पाहिजे. उमेदवारी भरण्यापूर्वी ते माणसाला कळले पाहिजे, निवडून आल्यावर नव्हे.

ऑस्ट्रेलियाने २०१९ पासून निदान एवढे केले आहे. तेथील प्रत्येक उमेदवाराला आता अर्जासोबत आपले आईवडील आणि आजीआजोबा कोठे जन्मले, हे लिहून द्यावे लागते.