‘स्लीप’मधून उठताना कॉम्प्युटर हँग होतो? फॉरमॅट मारण्याआधी हे वाचा

लॅपटॉपचं झाकण उघडलं, दिवा लागला, पंखाही फिरला, पण स्क्रीन काळीच. किंवा लॉक स्क्रीन दिसते, पण तिच्यावरचं घड्याळ काल रात्रीच्या वेळेवर थांबलेलं असतं आणि माउस जागचा हलत नाही. मग पॉवर बटण दाबून धरायचं, सेव्ह न केलेल्या कामावर पाणी सोडायचं, आणि आठवडाभरात पुन्हा तेच. दुरुस्तीच्या दुकानात यावर दोन उत्तरं ठरलेली असतात : ‘रॅम वाढवा’ किंवा ‘फॉरमॅट मारू’. पैसे जातात, वेळ जातो आणि दुखणं बहुतेक वेळा तसंच राहतं. ते नेमकं कुठे असतं, याबद्दलच्या चुकीच्या समजुती त्याला कारण आहेत. इथे मुख्यतः विंडोजबद्दल बोलू.

गैरसमज : स्लीपमध्ये कॉम्प्युटर बंदच असतो.

इंटेल, मायक्रोसॉफ्ट आणि तोशिबा यांनी १९९६ मध्ये एसीपीआय हे मानक आणलं. झोपेच्या पायऱ्या त्यात ठरवलेल्या आहेत. एस-३ या पायरीवर प्रोसेसर, डिस्क आणि स्क्रीन यांची वीज तुटते, रॅमला मात्र थोडी वीज मिळत राहते, कारण तुमचं उघडं काम सगळं तिथेच असतं. एस-४ म्हणजे हायबरनेट. त्यात रॅममधला मजकूर डिस्कवर उतरवून वीज पूर्ण तोडतात. म्हणून डेस्कटॉप एस-३ मध्ये असताना लाइट गेली, तर सेव्ह न केलेलं काम जातं. हायब्रिड स्लीप चालू असेल तर डिस्कवर एक प्रत असते आणि काम वाचतं.

बऱ्याच नव्या लॅपटॉपमध्ये एस-३ नसतेच. तिथे मॉडर्न स्टँडबाय असतं : स्क्रीन बंद, पण मशीन अगदी कमी विजेवर जागं. बॅगेतून काढलेला ‘झोपलेला’ लॅपटॉप गरम लागतो, तो बऱ्याचदा यामुळेच. तुमच्याकडे कोणता प्रकार आहे हे पाहण्यासाठी कमांड प्रॉम्प्टमध्ये ‘पॉवरसीएफजी’ ही कमांड (इंग्रजीत, सलग अक्षरांत) टाइप करा, एक जागा सोडा, मग तिरपी रेघ आणि ‘ए’ हे अक्षर. यादी समोर येते. शोध इथून सुरू करावा, कारण दोन्ही प्रकारांतली दुखणी वेगळी असतात.

गैरसमज : रॅम कमी पडते म्हणून हँग होतो.

एस-३ मधून उठताना काय घडतं ते पाहू. आधी बायोस जागं होतं आणि प्रोसेसर व मेमरी पुन्हा कामाला लावतं. मग सूत्रं विंडोजकडे येतात. विंडोज एकेका उपकरणाच्या ड्रायव्हरला सांगतं, तुझं उपकरण पूर्ण शक्तीवर आण. ग्राफिक्स, वायफाय, ब्लूटूथ, एसएसडी, यूएसबी, सगळ्यांना हा निरोप जातो. यातल्या एकाने जरी काम पुरं झाल्याचं कळवलं नाही, तरी पुढचं खोळंबतं. बिघाड बहुतेक वेळा इथेच असतो, ड्रायव्हरमध्ये किंवा बायोसमध्ये, आणि सर्वांत आधी संशय घ्यावा तो ग्राफिक्सच्या ड्रायव्हरवर.

रॅम अपुरी असेल तर मशीन उठल्यावर रेंगाळतं, पण थोड्या वेळाने चालू लागतं. कायमचं गोठणं वेगळं. रॅम सदोष असेल किंवा बायोसमधून तिचा वेग वाढवून ठेवला असेल, तर मात्र ती कारण ठरू शकते. तेव्हा वेग मूळ पातळीवर आणा आणि विंडोजमधलंच मेमरी डायग्नॉस्टिक चालवा.

गैरसमज : स्क्रीन काळी म्हणजे मशीन गेलं.

पॉवर बटणाकडे हात नेण्याआधी कॅप्स लॉक दाबा. त्याचा दिवा लागत-विझत असेल, तर मशीन आतून बहुधा जागं आहे आणि फक्त चित्र येत नाही. मग विंडोज, कंट्रोल, शिफ्ट आणि बी ही चार बटणं एकत्र दाबा. विंडोज १० पासून ग्राफिक्स ड्रायव्हर नव्याने सुरू करण्याची ही सोय आहे. बहुधा बीप वाजतो, स्क्रीन लुकलुकते, आणि पुष्कळदा चित्र परत येतं. तसं झालं तर दोषी जवळपास सापडलाच. दिवा अजिबात बदलत नसेल, तर अडकलंय ते खोलवर.

तेव्हाही शक्य असेल तर काही मिनिटं थांबा. ड्रायव्हर फार वेळ उत्तर देत नाही असं दिसलं, की विंडोज पुष्कळदा स्वतःच निळी स्क्रीन आणतं. तिच्यावर ‘ड्रायव्हर पॉवर स्टेट फेल्युअर’ असं लिहिलेलं असलं, तर त्या वेळी साठवलेल्या मिनीडम्प फाइलमधून जाणकाराला अडलेला ड्रायव्हर बरेचदा शोधता येतो. घाईने बटण दाबलं, तर हा पुरावा तयारच होत नाही.

गैरसमज : मी रोज रात्री शट डाउन करतो, म्हणजे सकाळी सगळं नव्याने सुरू होतं.

विंडोज ८ पासून (२०१२) फास्ट स्टार्टअप आलं. ते चालू असेल तर शट डाउन करताना तुमचे प्रोग्रॅम बंद होतात, पण विंडोजचा गाभा ड्रायव्हरांसकट डिस्कवर साठवला जातो आणि सकाळी तोच परत आणला जातो. टास्क मॅनेजरच्या परफॉर्मन्स भागात सीपीयूखाली ‘अप टाइम’ पाहा. रोज बंद होणाऱ्या मशीनवरही तिथे कितीतरी दिवसांचा आकडा दिसू शकतो. बिघडलेली ड्रायव्हरची अवस्था अशीच दिवसेंदिवस पुढे सरकते. रीस्टार्ट केल्यावर मात्र सगळं खरोखर नव्याने सुरू होतं. कंट्रोल पॅनेलच्या पॉवर ऑप्शन्समध्ये फास्ट स्टार्टअप बंद करून आठवडाभर पाहावं. यात खर्च काहीच नाही.

गैरसमज : इव्हेंट व्ह्यूअरमध्ये ‘कर्नल-पॉवर ४१’ दिसलं, म्हणजे पॉवर सप्लाय खराब.

मशीन नीट बंद न होता पुन्हा सुरू झालं, एवढीच ती नोंद. तुम्ही बटण दाबून धरलंत तरी ती होते. तेवढ्यावरून नवा पॉवर सप्लाय विकत घेऊ नका.

गैरसमज : फॉरमॅट केला की सुटलं.

फॉरमॅटनंतर विंडोज अपडेट पुष्कळदा तोच ड्रायव्हर परत आणून बसवतं, आणि बायोसला तर फॉरमॅट हातही लावत नाही. त्याऐवजी आधी पेन ड्राइव्ह, बाहेरची हार्ड डिस्क, डॉक, वायरलेस माउसचा डोंगल, सगळं काढा आणि मशीन काही वेळा झोपवून उठवून पाहा. मग ग्राफिक्स आणि चिपसेटचे ड्रायव्हर लॅपटॉप कंपनीच्या साइटवरून, आपल्याच मॉडेलचे घ्या. त्रास एखाद्या अपडेटनंतर सुरू झाला असेल, तर डिव्हाइस मॅनेजरमधल्या ‘रोल बॅक ड्रायव्हर’ने मागचा परत आणा. सगळ्यात नवा ड्रायव्हर सगळ्यात चांगला असतोच असं नाही. ‘एका क्लिकमध्ये सगळे ड्रायव्हर अपडेट’ म्हणणाऱ्या फुकट प्रोग्रॅमना मशीनवर जागाच देऊ नका.

त्यानंतर बायोस. त्याचं अपडेट चार्जर लावून करा, मध्ये काही बंद करू नका, आणि डिस्कवर बिटलॉकर असेल तर त्याची रिकव्हरी की आधी लिहून ठेवा, कारण अपडेटनंतर ती विचारली जाऊ शकते.

एवढं करूनही मशीन दुकानात न्यावं लागलं, तर आधी बॅकअप घ्या. कॅप्स लॉकचा दिवा बदलतो का, त्रास कोणत्या अपडेटनंतर सुरू झाला, झोपेचा प्रकार कोणता आणि काय काय करून पाहिलं, हे कागदावर लिहून न्या. आणि फॉरमॅटला होकार देण्याआधी ड्रायव्हर व बायोस तपासायला सांगा.